पोरीच्या पायाची आन

चारूचं प्लास्टर कापायला अख्खा पिंपळगुडा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आदिलाबादला आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. डॉक्टरांनी चष्म्यावरून गर्दीकडे पाहिलं.

"ये सब कौन हैं?"

"रिश्तेदार, साब," चारूचा बाप महिपत म्हणाला.

"सब?"

"गाँव नया है, साब."

गाव नवं होतं हे खरं. त्या दोन-तीन वर्षांत सगळ्याचीच फोड चालली होती. आधी एका आदिलाबाद जिल्ह्याचे चार झाले. मग मोठ्या गावापासून गुडा, म्हणजे ही वस्ती, तुटला आणि त्याची वेगळी ग्रामपंचायत झाली. मग चारूची नडगी मोडली. यातलं परत जुळायचं होतं ते फक्त नडगीचं हाड.

चारूची आई जयवंताबाई नव्या पंचायतीच्या पहिल्या सरपंचकीला उभी होती. समोर सख्खी मोठी जाऊ, कुसुमबाई. जयवंताबाईला निशाण मिळालं शिडी. शिडीचं पोस्टर भिंतीवर चिकटवताना नऊ वर्षांची चारू शिडीवरून पडली. आता पोरीला खाटेवर टाकून घरोघर मतं मागत फिरायचं कसं? तोड महिपतनं काढली. पोरीला पाहायला गाव घरी येणारच. आलेल्यानं प्लास्टरवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "पोरीच्या पायाची आन, मत जयवंतालेच. खोटं बोललो तं हाड वाकडं जुळन."

जयवंताबाईला ते कसंसंच वाटलं होतं. पण पोरीचं उठवणं-बसवणं करता करता घरबसल्या मतं गोळा होत होती. ती येणाऱ्यांसाठी चहा टाकत राहिली.

पहिला हात महिपतनं ठेवला. मग त्याच्या आईनं, देवकाबाईनं. मग ट्रॅक्टरवाल्या डोमाजीनं. एका संध्याकाळी खुद्द कुसुमबाई खारका घेऊन पोरीला पाहायला आली आणि तिनंही हात ठेवला. रांग लागली होती. मधूनच उठून जाणं बरं दिसलं नसतं.

मतमोजणीत जयवंताबाईला एक मत पडलं.

तेव्हापासून गुड्याला झोप नव्हती. पाय वाकडा निघाला तर तो कोणामुळे निघाला, हे ठरवायचं कसं? एकेक जण जयवंताबाईला एकटीला गाठून हळूच सांगून गेला, "वयनी, ते एक मत हाय ना, ते माझंच." ते एक मत इतक्या लोकांनी दिलं होतं, की बाई खरं तर निवडून यायला हवी होती.

करवत सुरू झाली. "कदलकु, कदलकु," कंपाउंडर तेलुगूत चारूला म्हणाला. चारू हलली नाही. व्हरांड्यातली माणसंही जागच्या जागी ताठ झाली. प्लास्टरचे दोन तुकडे झाले आणि आतून काडीएवढा, कोंडा सुटलेला पाय निघाला. डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडात धरला.

"एकदम सीधा."

व्हरांड्यात नारळ फुटला. डोमाजीनं तो गावाहूनच आणला होता. हाड वाकडं निघालं असतं तर त्या नारळाचं काय करणार होता, कोण जाणे.

"पाह्य सूनबाई," देवकाबाईनं डोळे पुसले, "सरळ जुळलं! म्हंजे कोनीच खोटं नाही बोललं."

"मोजनाराच येडा असन," डोमाजी म्हणाला. "एक्स-रे कुठी खोटं बोलते का, वयनी?"

यावर सगळ्यांचं एकमत झालं. निवडणुकीत जे झालं नव्हतं ते दवाखान्यात झालं. मग कोणीतरी आठवण केली, की आज कुसुमबाईकडे सरपंच झाल्याचं जेवण आहे, पंगत चुकायला नको. बघता बघता व्हरांडा रिकामा झाला आणि ट्रॉली भरली. डोमाजी हॉर्न वाजवू लागला.

जयवंताबाई बाकावर बसली. पोरीचा पाय मांडीवर घेऊन खोबरेल लावू लागली. महिपत शेजारी येऊन टेकला. इकडेतिकडे पाहून त्यानं आवाज खाली आणला.

"जयवंता, आता सांगतो तुले. ते एक मत माझं होतं."

तिचा तेलाचा हात थांबला नाही.

"मंग माझं कुठी गेलं?"

महिपत एक्स-रे पाहू लागला. सरळ धरून पाहिला. मग उलटा धरून पाहिला. हाड दोन्हीकडून सरळच होतं. बाहेर डोमाजीनं पुन्हा हॉर्न दिला.

"तुले खोटं वाटून राह्यलं काय?" महिपतनं एक्स-रे बाजूला ठेवला आणि तळहात पुढे केला. "हे पाह्य, पोरीच्या पायाची..."

जयवंताबाईनं पदर ओढला आणि तो पाय झाकला.

"हात नका लावू," ती म्हणाली. "आत्ताच जुळलं हाय."