दाट ऑइल

मेकॅनिकने बॉनेटखाली कान नेला आणि तोंड वाकडं केलं. "भाऊ, ही गाडी आहे की भांड्यांचं फडताळ?"

नवरा हसला. "दोन लाख किलोमीटर पळालीय बिचारी. म्हातारपणी कुरकुरणारच."

"आतले भाग झिजलेत. नेहमीचं पातळ ऑइल घालू की जरा दाट? दाट घातलं तर खडखड दबेल. ॲव्हरेज मात्र थोडं कमी देईल."

"मग पातळच असू दे. आवाजाची काय, सवय झालीय."

"दाटच घाला," मागून बायको म्हणाली. तिने लेकीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "अजिबात आवाज येता कामा नये."

"बघा! वहिनींना गाडीची किती काळजी!"

काळजी कसली डोंबलाची! ती त्या आवाजावर जळत होती. दिवसभर न्हाऊमाखू घालायचं, पाजायचं, दुपटी धुवायची, कडेवर घेऊन घरभर नाचायचं, ते हिने. आणि संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी खडखड सुरू झाली, की लेक तोंडातलं दूध टाकून दाराकडे वळायची. हातपाय झाडायची. खिदळायची. परवा सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "बापाचीच गं ही!" तो घास अजून तिच्या घशाखाली उतरला नव्हता. कळा हिने सोसल्या, आणि जीव कुणावर, तर खटारेवाल्यावर! होऊ दे एकदा गाडी मुकी. मग बघू, कोण कुणाची ते.

गाडी मुकी झाली. घरी येताना सिग्नलला नवऱ्याने दोनदा विचारलं, "अगं, चालू आहे ना?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बंद खिडकीपाशी लेकीला पाजत बसली. त्याची यायची वेळ झाली. खडखड नाही, काही नाही. लेक डोळे मिटून चुटूचुटू पीत होती. जिंकल्यासारखं वाटून तिने लेकीचं जावळ कुरवाळलं.

वेळ टळून गेली. मग मात्र तिला ते जिंकणं गोड लागेना. रस्त्यात बंद तर नाही पडली? तो पातळ म्हणत होता. आपणच हट्टाने दाट घालायला लावलं. काही झालं असेल तर?

तेवढ्यात काचेपलीकडे गाडी वळली. मांजराच्या पावलांनी. स्टिअरिंगमागे त्याचा दमलेला, धडधाकट चेहरा दिसला.

लेकीने दूध सोडलं. मान वळवून ती दाराकडे बघायला लागली, हातपाय झाडत, खिदळत.

बायको चमकली. तिने कान दिला. ना इंजिन, ना पाऊल. बाहेर कुठेच काही वाजत नव्हतं. धडधडत होती ती फक्त तिची छाती, आणि लेकीचा कान इतका वेळ तिथेच टेकलेला होता.