जीपचं तिकीट

विद्यापीठाच्या बाबूनं मनकर्णाबाईचा जीपभाड्याचा अर्ज तिसऱ्या चकरेतबी वापस केला, तशी तिची कानशिलं तापली. रानभाज्यांवर भाषण द्याले बोलावलं यायनंच, अन् निघायच्या सकाळी फोन करून कार्यक्रम रद्द केला तोबी यायनंच. धारणीच्या चंद्रभाननं तिच्यासाठी लग्नाची सवारी सोडून जीप उभी ठेवली होती, म्हणून तिनं पदरचे दोन हजार त्याले देल्ले. "त्याच कार्यक्रमाले येनार होत्या त्या दिल्लीच्या मॅडमले विमानाचे पैसे भेटले, मंग मले काहून नाई?" "त्यायनं तिकीट जोडलं, मावशी. तिकिटाबिगर फाइल हालत नाई." "आमच्या जीपले तिकीट असते काय रे, बावा?" "मले काय मालूम?" बाबू दात काढून हसला. बाई तरातरा खाली गेली, जीपमधल्या चंद्रभानले दंडाले धरून वर घेऊन आली. टेबलावरचा शिक्का उचलून तिनं त्याच्या तळहातावर दाणकन हाणला. "हे घे तिकीट! टाच आता फाइलीले!"