काचा सांभाळा

कपिलनं सहाव्या खांबावर टॉर्च मारली. काच शाबूत व्हती. तडा न्हाई, रेघ न्हाई.

"झाल्या सहाच्या सहा," चेअरमन सोमनाथभाऊ म्हनले. "एकीलाबी ओरखडा न्हाई सायेब. आता द्या सही ठोकून."

मंचरातली ती सात मजली बिल्डिंग. बांधली तवा पार पिंपळवंडीवरनं लोकं लिफ्टमदी बसायला यायची. आता तिला एकतीस वर्षं झालेली. तीस वर्षं उलटली की तपासणी करावीच लागती, म्हनून सोसायटीनं इंजिनिअर बोलावला. कपिल पोरगा हुशार, पर बोलायला लई घाईचा. पार्किंगच्या सहा खांबांना त्याला भेगा दिसल्या. दर भेगंवर त्यानं बोटभर रुंद, पातळ काचंची पट्टी आडवी बसवली. दोन्ही टोकं प्लास्टरमदी पक्की केली. भेग वाढली की काच फुटनार. तीन महिने काच टिकली तर बिल्डिंग जागच्या जागी हाय, डागडुजीवर भागंल. हे समदं त्यानं कागदावर इंग्रजीत लिवलं. लोकांना मातर गाडीला किक मारता मारता एवढंच म्हनला, की काचा सांभाळा, एक जरी फुटली तर घरं खाली करावी लागतील.

झालं. अठ्ठावीस घरं काचा सांभाळाय लागली.

पार्किंगमदलं क्रिकेट बंद झालं. खलबत्ता वाजला की वरच्या मजल्यावरनं वरडा व्हायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या हर्षालीची हळद स्पीकरबिगर झाली, नवरीकडच्या बाया नुसत्या टाळ्या वाजवून नाचल्या. आन सहाव्या खांबाची राखण ठकूबाईकडं. खांब तिच्या तळमजल्यावरच्या दाराम्होरंच. म्हातारी एकटी. गावाकडचं घर कवाच पडून गेलं, हे सोडलं तर तिला दुसरं छप्पर न्हाई. ती सकाळ-सांज वल्या फडक्यानं काच पुसायची. खांबाजवळ कुनी मोटारसायकल लावली की त्याच्या सात पिढ्या काढायची. लोकं हसायची, पर गाडी हलवायची.

कपिलनं फाइल जवळच्या एका मोटारीच्या बॉनेटवर ठेवली, पेनाचं टोपान काढलं. तेवढ्यात त्याची नजर परत खांबावर गेली. काच बसवताना दरवेळी तो वल्या प्लास्टरवर खिळ्यानं तारीख कोरायचा. बाकीच्या पाची ठिकानी तारीख व्हती. हितं नव्हती. हितलं प्लास्टर पांढरं सफेद, आन त्याच्यावर बोटं उठलेली.

त्यानं विचारलं, हितली तारीख कुठं गेली. सोमनाथभाऊ हसले. म्हनले, म्हातारी दिवसातनं दोन डाव घासती, तारीख काय, खांबसुदिक झिजंल एखांद दिशी.

कपिल हसला न्हाई. ठकूबाई उंबऱ्यात बसली व्हती, तिच्याम्होरं तो उकिडवा बसला.

"आजी, काच फुटली व्हती का?"

म्हातारी पदराचं टोक पिळत बसली. मग हळूच म्हनली, "म्या न्हाई फोडली बाबा. कांद्याच्या ट्रका जात्यात, त्येच्या हादऱ्यानं गेली आसंल. तू रागावशील, समद्यांची घरं जातील, म्हनून म्या नवी आनून लावली."

"किती डाव?"

तिनं बोटं मोजली. पयली काच दोन महिने टिकली व्हती. दुसरी वीस दिवस. तिसरी आठ दिवस. ही चौथी, परवाच बसवलेली.

सोमनाथभाऊंच्या तोंडाचं पानी पळालं. कपिल उठला. खिशातनं गाडीची चावी काढली आन काचंच्या वर भेगंत घातली. तीन महिन्यांमागं तितं पोस्टकार्ड शिरत नव्हतं. चावी मुठीपतूर आत गेली.

त्याला कुनावर रागवावं तेच कळंना. म्हातारीनं तर अक्षी सांगितलं तसंच केलं व्हतं. फाइल त्यानं मिटली. समद्या घरातले गॅस बंद करा म्हनला, लिफ्ट नको, जिन्यानं उतरवा, आन समदी मानसं रस्त्यापलीकडच्या मोकळ्या रानात न्या. आत्ताच्या आत्ता.

सोमनाथभाऊ हात जोडून आडवे आले. घरात म्हातारी-कोतारी हायेत म्हनले, पोरांच्या परीक्षा हायेत, निदान उद्यावर तरी ढकला, शेवटी काच तर शाबूत हाय की. कपिलनं फकस्त चावीकडं बोट दाखवलं. ती अजून भेगंतच व्हती. मग सोमनाथभाऊ धोतर आवरीत जिन्याकडं पळाले. वरनं दारं वाजाय लागली. दुसऱ्या मजल्यावरची नूतन पोळपाट हातात घेऊनच खाली आली. कुनी पोर काखंत, कुनी गादी डोक्यावर. जो तो विचारी, काच फुटली का, कुनी फोडली?

ठकूबाई तेवढी उंबऱ्यातनं हलंना. कपिल तिला उठवाय वाकला. त्याची नजर सारखी वर छताकडं जात व्हती. म्हातारीला वाटलं, पोरगं काच फुटंल म्हनून भ्यालं. तिनं त्याचा हात धरला, थोपटला, आन चारचौघांना ऐकू जानार न्हाई अशा बेतानं म्हनली:

"आरं, भितोस कशाला लेकरा? ह्या डावाला जाड आनलीया. दुकानदार म्हनला, आजी, हिच्यावर अख्खी बिल्डिंग ठेवली तरी फुटायची न्हाई."