पाण्यात हात

समुद्री माशांच्या टाकीतला पंप अचानक बंद पडला. प्रवाळांभोवती थव्यानं फिरणारे बोटभर निळे मासे पांगले आणि वर येऊन तोंडं उघडू लागले. सून घाबरली. बाह्या सरसावून ती पंप काढायला पाण्यात हात घालणार, इतक्यात खुर्चीतून सासरे ओरडले, "आधी प्लग काढ!"

तिनं प्लग ओढला. पंपाची वायर पाण्यातच सोललेली होती. मग पाण्यात हवा मिसळावी म्हणून तासभर ती टाकीतलंच पाणी मगानं वरून ओतत राहिली. हळूहळू मासे पुन्हा एकत्र फिरू लागले.

तिनं नवऱ्याला फोन केला. "मासे वाचले. मीही वाचले, बाबा ओरडले म्हणून."

"कोण ओरडलं?"

तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून चार महिने बाबांच्या तोंडून शब्दच फुटला नव्हता.