दुबईहून आलेल्या बिबड्या

मेहरूणच्या कुंदनशेठच्या दुकानात ताईबाईंनी बिबड्यांचं, ज्वारीच्या पापडांचं, पाकीट उचललं. नाव त्यांचं. डोक्यावर पदर घेतलेला फोटोही त्यांचाच. खाली अरबी अक्षरं.

"मना फोटोले या मिशा कोनी लायात?"

"मिशा नाहीत अक्का, दुबईची भाषा आहे," कुंदनशेठ म्हणाला. "माल तुमचाच, अस्सल. तिकडच्या व्यापाऱ्याने स्वस्तात काढला, मी मागवला."

"दुबईसाठी दिलेला माल इथं विकायला मालकिणीची संमती लागते," योगेंद्रने पिशवीतून नोटीस काढली. "आई, सही कर. वकील म्हणतात, सगळी खोकी परत तिकडे पाठवायला लावू."

पोरगा चुकत नव्हता. हा स्वस्त माल आल्यापासून यंदाच्या बिबड्या घरात पडून होत्या, आणि त्या थापणाऱ्या बाया रोज दारात येऊन विचारत होत्या, उद्या काम आहे का?

ताईबाईंना लिहिता फक्त सही यायची. पण ती अशी ठसठशीत, की बँकेतला साहेबही दोनदा बघायचा. त्यांनी पेन घेतलं.

"थांब. आधी पाहू दे, खवट झाल्यात का. मनं नाव शे त्यावर."

पाकीट फोडून त्यांनी एक बिबडी काढली आणि दारातल्या उजेडात धरली. ओल्या हाताने थापलेल्या बिबडीवर बोटं उमटतातच. हिच्यावर तीनच होती. चौथ्याची जागा कोरी.

त्यांच्या जावेची, लताची, करंगळी आखडलेली होती. थापताना ती वरच राहायची. लता गेल्या दिवाळीत वारली. यंदाच्या बिबड्यांवर चारही बोटं होती.

"योगेंद्र, हाऊ तुनी काकूना हात शे."

योगेंद्रने बिबडी हातात घेतली. मग हळूच म्हणाला, "पण आई, खोकी इथं राहिली तर आपल्या बायांनी काय करायचं?"

"इथं कोन ठेवस?" त्या कुंदनशेठकडे वळल्या. "शेठ, तुमना भाव लावा. बठ्ठा माल मना घर. एक पाकीट बी कोनले देऊ नका."

"आपलाच माल आपणच विकत घ्यायचा?" कुंदनशेठ हसला. "अहो, नोटिशीने फुकटात काम झालं असतं."

"लता रुसीसन माहेरले जाये, तव्हय तिले परत आनाले मीच जाऊ. नोटीस धाडू का मी?"

कुंदनशेठने पहिलं खोकं स्वतः उचलून रिक्षापर्यंत आणलं. योगेंद्र ते आत बसलेल्या आईच्या पायाशी ठेवायला वाकला.

"पायशी नको," ताईबाई म्हणाल्या, आणि निऱ्या आवरून सीटवर बाजूला सरकल्या.