गणपतींच्या गर्दीत एक माणूस

स्क्रीनवर गणपतीच गणपती. कुणी पाटावर बसलेला, कुणी पिंपळाच्या पानात, कुणाची नुसतीच सोंड.

"अरे, मुलं कुठायत?" कमलताईंनी विचारलं.

हेरंबने कपाळाला हात लावला. कमलताई त्याची आत्या. दादरच्या त्यांच्या वधू-वर केंद्रातली सगळी स्थळं त्यांनी लॅपटॉपवर, नोट्सच्या ॲपमध्ये ठेवली होती. एका स्थळाची एक फाईल, फाईलचं नाव म्हणजे आडनाव. हेरंबने त्या ॲपसाठी स्वतः एक प्लगइन बनवलं होतं. ते आडनावं झाकायचं आणि प्रत्येक फाईलमधलं पहिलं चित्र मोठं करून दाखवायचं. आधी माणूस दिसू दे, असं त्याचं म्हणणं. आणि आपल्याकडे बायोडेटात पहिलं चित्र कुणाचं असतं?

"स्वतःचं नाव हेरंब," कमलताई म्हणाल्या, "आणि एवढं सुचलं नाही तुला."

समोर बसलेली मृणालिनी हसत सुटली. तिची आई, गिरगावच्या आनंदीबाई, हसल्या नाहीत.

मृणालिनी छत्तीस वर्षांची. तिला लग्न करायचं होतं. हे ती उघड सांगायची, लाज दुसऱ्यांनाच वाटायची. पण इतक्या वर्षांत एकाही मुलाची भेट झाली नव्हती. कमलताईंनी फाईलचं नाव वाचायचं, आनंदीबाईंनी "पुढचं" म्हणायचं. आडनाव कळलं की जात कळली, जात कळली की फाईल बंद. मुंबईत जात कोण विचारतो, असं लोक छाती फुगवून सांगतात. खरंय, बसमध्ये नाही विचारत. बसमध्ये शेजारच्याला मुलगी द्यायची नसते.

आज येताना मृणालिनीने आईला बजावलं होतं. आज कुणालातरी भेटायचं ठरलं नाही, तर स्थळं बघणं बंद. कायमचं.

"जुनंच लाव रे बाबा," आनंदीबाई म्हणाल्या. "नावं दिसली की बरं असतं."

"थांबा," मृणालिनी म्हणाली. "हा कोण?"

गणपतींच्या मधोमध एक माणूस होता. चाळिशीकडे झुकलेला, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या. शेपटीला धरून त्याने भलीमोठी सुरमई उंचावली होती आणि तोंडभर हसत होता.

कमलताईंचा हात चटकन माऊसकडे गेला. "ते सोड. ती फाईल अर्धवट आहे. जात नाही, पत्रिका नाही, त्याने स्वतःच लिहून दिलंय काहीतरी."

"उघडा ना ताई."

हेरंबने आत्याकडे न बघता क्लिक केलं. मृणालिनी मोठ्याने वाचू लागली. "नाव दौलत. राहणार घोडपदेव. रे रोडला स्वतःचा फर्निचरचा कारखाना. राग येतो, टिकत नाही. जात विचारणाऱ्यांनी तसदी घेऊ नये. घरी आई असते, ती फार प्रश्न विचारते. सुरमई विकत आणलेली आहे, पकडलेली नाही. मुलीने स्वतः फोन करावा."

"हा काय बायोडेटा झाला?" आनंदीबाई म्हणाल्या.

"आई, आतापर्यंतचे सगळे गोरे, निर्व्यसनी आणि सुस्वभावी होते. खरं बोलणारा हा पहिलाच निघाला."

"मासे खातो."

"मीही खाते. ऑफिसात."

आनंदीबाईंनी लेकीकडे पाहिलं. मग कमलताईंकडे वळल्या. "आडनाव काय ह्याचं?"

हेरंब टेबलाखाली वाकून चार्जरची वायर शोधू लागला. वायर टेबलावरच होती.

मृणालिनीने नंबर लावलासुद्धा. पलीकडे रिंग वाजत होती.

"कमलताई, आडनाव विचारतेय मी."

कमलताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"मुलगा आहे माझा," त्या म्हणाल्या. "आडनाव माझंच. आणि ते इतक्या वर्षांत तुम्ही मला कधी विचारलं नाहीत."