मोकळं पाणी

चाकणजवळच्या तळ्यातली जलपर्णी उपसायला आमचा गट वर्षभर दर रविवारी जात होता. अखेर पाणी मोकळं झालं, पाण्यात बुड्या मारणाऱ्या टिबुकल्याही परतल्या.

"पुढल्या आयतवारी किती जनांच्या भाकरी थापू?" तळ्याकाठी एकट्या राहणाऱ्या गवराबाईंनी विचारलं.

"आता काम संपलं, आजी."

त्या घराकडे वळल्या. थोड्या वेळानं हात धुवायला मी त्यांच्या घरामागे गेले. तिथे रिकाम्या गोठ्यातल्या हौदात हिरवीगार जलपर्णी वाढवलेली होती आणि गवराबाई ती पाटीत भरत होत्या.

"आजी, ही तळ्यात सोडू नका! आम्ही असंच येऊ ना तुम्हाला भेटायला."

पाटी डोक्यावर घेत त्या म्हणाल्या, "असंच कुनी येत न्हाई, पोरी."